डोरले आणि छोटी कॉइल

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि ती विसरण्याची माझी तयारी नाही. गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याचे एक निवृत्त हवालदार वारले. शोकसभेत कोणीतरी म्हणाले, "साधा माणूस. आयुष्यभर यंत्रं पुसत बसला." मला सभेत बोलता येत नाही, म्हणून गप्प राहिलो. लिहिता येते. म्हणून हे लिहितो आहे.

मी तेव्हा आर्णीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाचा पहिला वेचा सुरू होता. एका गावात शेतमालकाची पत्नी स्वतःच्या शेतात बांधाखाली मृतावस्थेत आढळली. डोक्याला जखम होती आणि बाजूला रक्त लागलेला दगड होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की जखम पडूनही होऊ शकते आणि मारूनही. गळ्यातली काळी पोत, म्हणजे मंगळसूत्र, मात्र नव्हती. शेतात त्या वेळी तिच्यासोबत एकच बाई होती. ती वेचाईला येणारी, चाळिशीची मजूर.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने बातमी आणली. "साहेब, थे बाई आर्णीत पटव्याच्या दुकानात दिसली. हातात काळे मणी व्हते." पटवा म्हणजे पोत, दागिने ओवून देणारा. आम्ही घरझडती घेतली. तिच्या लुगड्याच्या गाठीत काळे मणी निघाले. पोतीतले सोन्याचे डोरले निघाले नाही.

महिला शिपायासमोर मी तिची चौकशी केली. ती रडली नाही. माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवत नेतो. चार वेळा विचारले, तरी या बाईचा तपशील तेवढाच राहिला.

"सकायीच तिची पोत तुटली साहेब. बोरीच्या झाडासमोर, बांधापासून तिसऱ्या तासात. मणी सापडले, डोरलं नाही सापडलं. दोघीनं लय पाह्यलं."

"मग ती मेली कशी?"

"उन्हाची चक्कर आली. बांधावरून खाली गेली. मी बोंबलली, तवा लोक आले."

"आणि मणी घेऊन पटव्याकडे काहून गेलीस?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "सवाशीण बाई साहेब. बिना पोतीची सरणावर जाईन काय? प्रेत दवाखान्यात व्हतं. म्हटलं, येईपर्यंत ओवून आणतो. थो पटवा म्हणे, डोरलं आण, मंग ओवतो."

तास म्हणजे पिकाची ओळ. म्हणजे प्रश्न सरळ होता. तिसऱ्या तासात डोरले मिळाले तर बाई खरी. नाही मिळाले तर खून आणि जबरी चोरी.

मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्तासाठी आमच्या ठाण्यात जमिनीत पुरलेले धातू शोधणारे एक यंत्र ठेवलेले होते. त्याच्या दांड्याच्या टोकाला जमिनीवरून फिरवायची जी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. आमच्याकडे दोन होत्या. एक जेवणाच्या ताटाएवढी, एक बशीएवढी. हे यंत्र जाणणारे, आता वारलेले तेच हवालदार मुलीच्या लग्नासाठी उमरखेडला रजेवर गेले होते. मी दुसऱ्या शिपायाला मोठी कॉइल लावायला सांगितली. मोठी ती चांगली, एवढेच माझे ज्ञान. यंत्र शेतात उतरल्यापासून किंचाळत होते. शिपायाने त्याची संवेदनशीलता कमी कमी करत त्याला शांत केले. दिवसभरात बैलाच्या नालाचा खिळा आणि वखराच्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, तुकडा निघाला. पंचनाम्यात लिहिले, 'आणखी काहीएक मिळून आले नाही.' बाईला अटक झाली. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली.

चार दिवसांनी हवालदार रजेवरून आले. पंचनामा वाचून त्यांनी यंत्र टेबलावर घेतले.

"साहेब, वायर कोणं गुंडाळली अशी? माणसाचा गळा आवळल्यावानी!"

"काय फरक पडतो?"

"वायर आतून तुटते ना. आन शोधताना ढिली लोंबून राह्यली, तरी खोटा आवाज देते. दांड्यावर सैलसर दोन वेढे, मंग पट्टा. कितीदा सांगितलं लोकाइले." मग त्यांनी कॉइलचे खालचे प्लॅस्टिकचे झाकण काढले. आत वाळलेला चिखल होता आणि त्या चिखलात चिकटलेली सोनेरी जर होती. वीतभर.

ती जर मी ओळखली. दसऱ्याला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजन करतो. रायफलींबरोबर यंत्राचीही पूजा झाली होती. जरीच्या गोंड्याचा हार मी स्वतः कॉइलला घातला होता, आणि नंतर कोणीतरी ती ओल्या फडक्याने पुसून तशीच पेटीत ठेवली होती. ती जरही धातूच. यंत्र चार दिवसांपूर्वी दिवसभर स्वतःच्याच पोटातल्या जरीवर ओरडत होते, आणि आम्ही त्याचे कान बंद करून त्याला शेतात फिरवले होते.

"मशीन खोटं नाही बोलत साहेब," ते हळूच म्हणाले. "आपण बोलायले लावलं. आन डोरल्यासाठी मोठी कॉइल? थे खोल पुरलेल्या डब्यासाठी. मोठी कॉइल एका वक्ती लय माती पाह्यते, आन आपल्या काळ्या मातीतच लोहा. त्या गोंगाटात हरभऱ्याएवढं सोनं कसं आयकू येईन तिले? त्याले छोटीच पायजे."

मी वरिष्ठांना फोन केला. पुन्हा झडती घेतो म्हणालो.

"पंचनामा झालाय. आता आपलीच चूक आपण कागदावर आणायची? आरोपीचा वकील नाचवेल तुम्हाला."

"नाचवू द्या साहेब. चूक माझी आहे. कागदही मीच लिहीन."

"लेखी आदेश मिळणार नाही."

"तपास अधिकारी मी आहे. आदेश मागतच नाही." आयुष्यात आवाज चढवून बोललेली माझी तेवढीच दोन वाक्ये असतील.

हवालदारांनी छोटी कॉइल काढली, झाकण धुऊन सावलीत वाळवले, कडेला चीर आहे का ते नखाने तपासले. मग म्हणाले, "तसंच एक डोरलं पायजे. पुरून पाहू, मंगच भरोसा." मृत बाईच्या घरी मागायला गेलो, तर दीर अंगावर आला. "खुनी बाईसाठी आमच्याच घरचं सोनं मांगता? लाज?" तेवढ्यात आतून त्याची बायको आली. तिने पोत काढली नाही. पेटीतले जुने, सुटे डोरले आणून हवालदारांच्या हातावर ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, "माही जाऊ कशी मेली, थे मलेबी समजलं पायजे."

ते डोरले शेतात चार बोटे खोल पुरले. मोठी कॉइल, जरीचा धागा काढून साफ केल्यावरही, त्याच्यावरून मुकी गेली. छोटीने बारीक, स्वच्छ आवाज दिला. पंचांनी दोन्ही ऐकले आणि मी दोन्ही लिहिले.

मग बोरीसमोरचा तिसरा तास. हवालदारांनी बूट आणि पट्टा काढून ठेवला. लोखंडी बक्कलही चालत नाही. कॉइल जमिनीला न टेकवता, दोन बोटे वर, केर काढल्यासारखी सावकाश. पंचेचाळीस मिनिटे काही नाही. बांधावर गाव जमले होते. कोणीतरी म्हणाले, "हवालदार, बोरं तरी येचा, खाली हात जाऊ नका!" हशा पिकला. ते हसले नाहीत, थांबलेही नाहीत.

आवाज एका भेगेवर आला. उन्हाने काळी जमीन हातभर फाटते. वरून पाहणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. भेगेची कड खुरप्याने खरवडली आणि मातीच्या ढेकळासोबत डोरले बाहेर आले. दोऱ्याचा तुटका तुकडा त्यात अजून अडकलेला होता.

मी तिथेच पंचनामा लिहायला घेतला.

पहिल्या झडतीतली चूक, जरीचा धागा, हार, माझे नाव, सगळे लिहून मी न्यायालयात अहवाल दिला. बाई सुटली. सुटकेच्या दिवशी मी म्हणालो, "बाई, गाडी घरापर्यंत सोडते."

"नाही पायजे." मग ती थांबली. "माह्या शब्दाले मशीन लागली काय साहेब? बरं, लागली तं लागली. पण मले चावडीवरून नेलं तुम्ही, समद्याइच्या समोर. आता समद्याइच्या समोरच सांगा."

असा नियम कुठेही नाही. मी गणवेश चढवून तिच्या गावी गेलो. हवालदार सोबत होते. भर बाजाराच्या दिवशी चावडीवर उभा राहून सांगितले, की ही बाई खरे बोलत होती आणि आमची झडती खोटी होती. ती शेवटपर्यंत ऐकून उठली आणि वेचाईला निघून गेली.

वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. पोलीस अधिकारी जाहीरपणे चूक कबूल करतो, याने खात्याची प्रतिमा मलिन होते, असे त्यांच्या पत्रात होते. वर्षभरात माझी बदली झाली. पुढच्या बढतीच्या यादीतून नाव गळाले. लोक हळहळले, मी नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. 'मिळून आले नाही' हे वाक्य लिहिण्याआधी आपण कशाने शोधले, ते साधन कसे ठेवले होते, आणि ते ऐकू शकत होते का, हे आधी लिहावे. एका माणसाने यंत्रे पुसली, म्हणून एक निरपराध बाई तुरुंगातून घरी गेली. शोकसभेत हे सांगायचे राहिले होते. त्या खुलाशात मी एकच ओळ लिहिली होती, आणि ती आजही मागे घेत नाही: 'गावासमोर पकडले होते, म्हणून गावासमोर सोडले.'