दीड फुटाचा उजेड

माझ्या आत्याच्या यजमानांइतका निरुपयोगी माणूस आमच्या चळवळीला दुसरा मिळाला नाही, आणि त्यांच्याइतका उपयोगी पडलेलाही दुसरा नाही. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. मामा (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात) राहात्याच्या पेठेमागच्या गल्लीत जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतात. पेरूच्या बागेतली मोटार जळाली की टेम्पोत घालून त्यांच्याकडे येते. मामा ती आधी हुंगतात आणि मग मालकाला सांगतात, ‘‘कमी दाबाच्या विजेवर चालवलीस ना? वास खोटं बोलत न्हाई.’’ मोर्चाला बोलावलं तर म्हणतात, वार्निश वाळत ठेवलंय. सभेला बोलावलं तर येतात, पण पहिल्या रांगेत बसून माईकच्या तारेचा जोड दुरुस्त करतात. तारेचे वेढे मोजताना जगाशी त्यांचा संबंध उरत नाही. एकदा मी अर्जावर त्यांची सही घ्यायला गेले आणि वय विचारलं. ‘‘सत्तेचाळीस,’’ मामा म्हणाले. मी लिहून घेतलं. साठी उलटलेल्या माणसाचं वय सत्तेचाळीस कसं, म्हणून कचेरीतल्या साहेबांनी तो अर्ज माझ्या तोंडावर फेकला. तो वेढ्यांचा आकडा होता.

या माणसाला बिनतारी विजेचं वेड लागलं ते मोबाईलच्या चार्जरमुळे. वर नुसता मोबाईल ठेवायचा आणि तो चार्ज होतो, अशी चपटी तबकडी त्यांच्या जावयाने कौतुकाने आणली. मामांनी ती त्याच्यासमोरच फोडली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं निघालं. ‘‘चिकटवूनच ठिवायचं तर वायरीनं काय घोडं मारलं हुतं? लांबनं देऊन दाखवा म्हनावं.’’ जावई आठ दिवस बोलला नाही, आणि मामांना ते कळलंही नाही. कोणाची तरी बिघडलेली इंडक्शन शेगडी उघडून त्यांनी वीज भराभर उलटसुलट पळवणारी पट्टी काढली. परातीएवढी दोन वेटोळी केली. त्यासाठी केसासारख्या बारीक तारांची जाड वेणी लागते, ती आत्याकडून घालून घेतली. लेकीच्या सुद्धा एवढ्या वेण्या घातल्या न्हाईत मी, असं आत्या आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. नंतर एका लग्नात मामांनी एक वेटोळं जेवणाच्या टेबलाखाली लपवलं आणि दुसरं ताटासारखं हातात धरून वर मिरवलं. त्याला जोडलेला दिवा लख्ख पेटला. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले तर मामा चिडले. ‘‘नमस्कार तारेला कर, आज्जी. मी काय केलं?’’

मला ते समजावत, ते झोक्यावरून. एका वेटोळ्यातली वीज उलटसुलट पळते, तसं त्याच्या भोवतीचं चुंबकाचं बळ फुलतं आणि आटतं. त्या टप्प्यात दुसरं वेटोळं आलं की त्यात वीज उठते. ‘‘पन चाल एक पायजे. झोक्याला धक्का कवा देतो आपन? त्यो मागं आल्यावर. अवेळी दिला का झोका थांबतो.’’ म्हणून वीज क्षणभर साठवणारे कंडेन्सर बदलून बदलून दोन्ही वेटोळ्यांची चाल जुळवायची. वेटोळी समोरासमोर धरायची, एकाने तोंड फिरवलं की संपलं. अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा होत नाही, पार आटतो. मी हे सगळं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, इथे माणसांना साधा मीटर मिळत नाही आणि या गृहस्थांना झोका सुचतोय.

मीटर मिळत नव्हता तो सुमनमावशीला. मावशी शाळेचे गणवेश शिवते. मामांच्या दुकानामागे पडकी जागा होती, तिथे निमुळती होत हातभरच उरलेली, आणि तिच्यापलीकडे वस्तीतली मावशीची शेवटची खोली. एका बड्या माणसाने ती जागा घेतली आणि भिंत घातली. भिंतीची एक बाजू मामांच्या दुकानाच्या उघड्या पाठीला टेकली आणि दुसरी मावशीच्या एकुलत्या एक खिडकीपासून वीतभर अंतरावर आली. भर दुपारी खोलीत अंधार. सुईत दोरा ओवायला मावशी दारात येऊन उभी राहायची, आणि सुई दोनदा तिच्या बोटात घुसली. विजेच्या जोडणीसाठी अर्ज केला तर कचेरी म्हणाली, वायर त्या भिंतीवरून येणार, मालकाची ना-हरकत आणा. मालक खुर्चीवरून न उठता म्हणाला, ‘‘आज वायर मागत्यात, उद्या वाट मागतील. माझ्या भिंतीला भोक पडायचं न्हाई, अन् वरनं वायर जायची न्हाई.’’ ज्याने खिडकी बुजवली त्याचीच हरकत विचारायची, असा हा कारभार. मी चार पत्रकं काढली. मालकाने एकही वाचलं नाही. कचेरीने चारही फायलीला लावली.

मामांनी मोर्चा काढला नाही. एका सकाळी त्यांनी दुकानातून भिंतीला एक वेटोळं टेकवलं, वळसा घालून मावशीकडे गेले आणि दुसरं तिच्या खिडकीच्या गजांना बांधलं. मध्ये नऊ इंची भिंत, त्यापुढे वीतभर फट. दीड फूट. दुपारपर्यंत कंडेन्सर बदलत या खोलीतून त्या दुकानात खेपा घातल्या आणि शेवटी शिलाई मशीनवरचा छोटा दिवा लागला. मावशी दिव्याकडे न बघता आधी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. भिंतीला भोक नाही, वर वायर नाही. ‘‘चुंबकाला वीट दिसतच न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘मानसालाच दिसती.’’

इथे मी माती खाल्ली. पाचवं पत्रक काढलं. ‘भिंत तशीच, उजेड आला.’ तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली कार्यकर्ती. लोकांना विज्ञान कळावं म्हणून खाली सगळं समजावून लिहिलं: वेटोळी कुठे, चाल म्हणजे काय, वीट का आड येत नाही, आणि ठळक अक्षरांत, मध्ये लोखंडी पत्रा आला तर खेळ संपतो, इंडक्शन शेगडीवर तवा तापतो तसा पत्राच सगळं बळ खातो. आठवडी बाजारात वाटलं. आयुष्यात पत्रक न वाचणाऱ्या त्या माणसाने हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गड्यांनी फटीत वरून पत्रा सोडला आणि दिवा गेला. जागा त्याची, पत्रा त्याचा. तक्रार कुठल्या कलमाखाली करायची ते मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

मी मामांपुढे जाऊन उभी राहिले. ते वेढे मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, ‘‘पुढारीनबाई, शत्रूला नकाशा काढून दिला. आता जाऊन चहा पाजा त्याला.’’ मग माझं तोंड बघून स्टूल पुढे सरकवलं. ‘‘बस. सगळ्यांला सांगू वाटलं, त्यात वाईट काय? मलाबी लग्नात मिरवू वाटलंच हुतं की.’’

आता मावशीचं मशीन मामांच्या दुकानात, दाराशी, ट्यूबखाली आहे. ती रोज डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन भिंतीला वळसा घालून येते. मामा आकडा विसरले की मशीन न थांबवता तिकडून सांगते, ‘‘ब्याऐंशी झालं, दादा.’’ आत्या म्हणते, यांचं एवढं लक्ष घरच्या बोलण्याकडं कवा नव्हतं. ना-हरकत अजून आलेली नाही. सहावं पत्रक मी मामांना आधी वाचून दाखवलं. त्यांनी सगळं खोडलं आणि एकच ओळ ठेवली, सुमनमावशीला मीटर द्या.

भिंतीवरचं वेटोळं मात्र त्यांनी काढलेलं नाही. रोज दुकान उघडलं की उदबत्ती लावतात आणि त्याचं बटण मिनिटभर चालू करतात. मी विचारलं, कशाला मामा, पत्रा आहे ना तिथे. ‘‘पत्र्याचं काय, एखाद्या दिवशी काढंल बी कुनी,’’ ते म्हणाले. ‘‘आन त्या दिवशी आपलं बटन बंद असलं तर?’’ मावशीनेही गजांवरचं वेटोळं तसंच ठेवलं आहे, आणि मशीनवरून काढून घेतलेला दिवाही त्यालाच जोडलेला. सकाळी गठ्ठा उचलण्याआधी ती मिनिटभर त्या दिव्यासमोर थांबते. दुकान किती वाजता उघडतं, ते तिला माहीत आहे.