यल्लाप्पाच्या विमानाचं एरंडेल

आष्ट्यात यल्लाप्पाला सगळे विमानवाला म्हणायचे; त्याची बायको आक्काताई विमानखुळा म्हणायची. विमानदलात फिटर म्हणून त्याची उमर गेली. निवृत्त होताना साहेबांनी हातावर अंगठ्याएवढं इंजिन ठेवलं. त्याच्याभोवती यल्लाप्पानं हलक्या लाकडाचं विमान बांधलं. मैदानात मधोमध उभं राहायचं, मूठ धरायची आणि दोन तारांवर विमान भोवती गरगर उडवायचं.

"पेट्रोल घाल की त्यात," असं कुणी म्हटलं की त्या माणसाची सुटका नसे. "ह्याला ठिणगी न्हाई रं. डोक्यात तारेचं वेटोळं हाय. ते लाल ऱ्हातं मिथेनॉलवरच."

ते विषारी स्पिरिट तो सांगलीहून सही करून आणायचा आणि कुलपात ठेवायचा. उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून झाकण असं आवळायचा की उघडताना त्याचीच बोटं दुखावीत. मिसळायचं ते परसात, चुलीपासून लांब. मग साबणानं हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

"एवढं सोवळं देवाचं पाळलं असतं तर देव जेवायला आला असता," आक्काताई म्हणायची.

तीन वाटे स्पिरिट, एक वाटा एरंडेल. इंजिन कितीही तापलं तरी एरंडेल टिकतं. आणि ते हवं सिद्धूच्याच घाण्याचं. सिद्धू त्याचा लहानपणापासूनचा मित्र. यल्लाप्पाच्या बाटलीसाठी तो घाणा पुसून घ्यायचा, शेंगतेलाचा अंश राहू नये म्हणून पहिली धारही बाजूला काढायचा.

चौऱ्याण्णव साली लेक मयूरी बाळंतपणाला आली आणि घरात एरंडेलाला दुसरं गिऱ्हाईक आलं. नातीची टाळू भरायची तर बाजारचं तेल कशाला? आक्काताईनं यल्लाप्पाच्या बाटलीतलं थोडं काढलं. मग आणखी थोडं. बाटलीवर त्यानं रेघ मारलेली. तिनं डब्यातलं शेंगतेल ओतून पातळी पुन्हा रेघेला भिडवली. तेल ते तेल, असा तिचा हिशेब.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानात विमान उडायचं होतं. निम्मं गाव जमलं. घाईत यल्लाप्पानं तिथंच, लोकांना लांब सारून, काचेच्या बाटलीत मिसळण केलं आणि हलवलं. एरवी मधासारखं स्वच्छ दिसायचं. आज ताकासारखं पांढरं झालं, आणि बघता बघता तळाशी तेल वेगळं बसलं.

यल्लाप्पाचं तोंड उतरलं. "शेंगतेल हाय ह्यात. स्पिरिटात एरंडेल विरघळतंय, शेंगतेल न्हाई." मग तो गर्दीत पुढं उभ्या सिद्धूकडं वळला. "सिद्धू, तूबी?"

"मी?" सिद्धूला आधी हसूच आलं. मग त्याला कळलं की सगळं मैदान ऐकतंय. "गड्या, तुझ्यासाठी मी घाणा धोतराच्या सोग्यानं पुसतो. अन् तू मला भेसळवाला म्हणतोस? पुन्हा माझ्या दारात येऊ नगंस."

तो चालू लागला. विमान आज न्हाई तर उद्या उडलं असतं, पण हा माणूस फाटकातून बाहेर पडला की परत यायचा नव्हता. आक्काताई पदर खोचून आडवी गेली.

"भावजी, थांबा. तुमचं तेल चोख हाय." मग नवऱ्याकडं वळून, साऱ्या गावासमोर, "आवं, तुमचं एरंडेल तुमच्या नातीच्या टाळूवर हाय. शेंगतेल मी ओतलं. माझ्यावर वरडा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. यल्लाप्पा ओरडला नाही. हातातली बाटली खाली ठेवून तो सिद्धूपुढं जाऊन उभा राहिला. "चुकलो रं. आदी मी इचारायला पायजे हुतं."

"घरात न्हाई इचारलंस, अन् मला चव्हाट्यावर इचारतोस," सिद्धू म्हणाला, पण थांबला.

मयूरीनं पिशवीतली बाळाची तेलाची शिशी पुढं केली. तळाला दोन-तीन चमचे असतील. स्पिरिटच्या डब्यातही थोडं उरलं होतं. या वेळी दुसऱ्या बाटलीत केलेलं मिसळण मधासारखं दिसलं.

"इमान तू धर," यल्लाप्पा सिद्धूला म्हणाला. "मी म्हटलं की सोड."

इंजिन कडाडलं. सिद्धूनं सोडलं आणि तारा डोक्यावरून जाव्यात म्हणून तो जागीच बसला. विमान वर गेलं; जळक्या एरंडेलाचा वास मैदानभर पसरला, सिद्धूच्या टोपीवर तेलाचे बारीक शिंतोडे उडाले.

"आता वास घे की," तो खालून ओरडला. "भेसळ हाय का?"

मधोमध गरगरणाऱ्या यल्लाप्पाला विमानावरची नजर काढून मान वळवायची सोय नव्हती, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला अर्धंच ऐकू आलं.

"हाय! म्हंजी... न्हाई रं! न्हाई!"