पाळ किती वाढवायची

मी ओव्हरसियर म्हणून नवा होतो. गडचिरोलीच्या बाजूला एका जुन्या तलावाची पाळ वाढवायची होती आणि हिशेब माझ्याकडे आला होता. ठरलेलं पाणी साठायला हवं होतं; तलावात किती मावतं ते कळलं, की पाळेची उंची ठरणार होती. मी डोंग्यात बसून सारख्या अंतरांवर बांबूनं खोली मोजली, ते बिंदू कागदावर सरळ रेषांनी जोडले. येणाऱ्या उत्तराप्रमाणे पाळ इतकी चढत होती की काठावरची घरं पाण्यात जात होती. त्यांतल्याच एका घरी मी जेवायला असे.

"भाऊ, घर हालवा लागन का?" घरच्या बाईनं वाढता वाढता विचारलं.

"आत्ताच काही सांगता येत नाही, बाई."

त्या रात्री मी कागद पुन्हा काढले.

मग लक्षात आलं, तळ तर खोलगट असतो. सरळ रेषा त्याच्या वरून जाते, खालचं पाणी हिशेबातून सुटतं. तीन-तीन बिंदूंतून वक्ररेषा काढून मी सगळं पुन्हा केलं. पाणी जास्त मावत होतं, पाळ कमी लागत होती, घरं वाचत होती. कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

"उत्तर छान आहे," ते म्हणाले. "पण ते चुकलं तर किती चुकेल?"

मी कागद पुन्हा चाळला; चुकीचा हिशेब त्यात नव्हता.

"मधल्या खोल्या मोजून अंतर निम्मं करा, मग पुन्हा निम्मं. तळ गुळगुळीत असेल तर दर वेळी उत्तरातला बदल आधीच्या बदलाच्या साधारण सोळाव्या हिश्श्यावर यायला हवा. तसा आला, की उरलेल्या चुकीचाही अंदाज बांधता येतो."

पुन्हा डोंगा काढला. बदल सगळीकडे तसाच आटत गेला. मोजणीच्या एका ओळीत मात्र आटेना. तिथं बांबू टेकवत हळूहळू सरकलो, तर पाण्याखाली खडकाची उभी कड लागली. एक वक्ररेषा तिला बसणारच नव्हती. कडेपाशी हिशेब तोडून दोन्ही बाजू वेगळ्या धरल्या आणि ती ओळही ताळ्यावर आली. उरलेली चूक जास्तीत जास्त धरली, तरी पाणी घरांच्या बरंच खाली राहत होतं.

साहेबांनी सही केली. मी थेट काठावर गेलो.

"बाई, घर हलवावं लागणार नाही."

तिनं वर छपराच्या कौलांकडे पाहिलं. "मंग कवेलू फेरून घेतो मी," ती म्हणाली. "तुमच्या मोजणीपायी थांबलो होतो."