पाटीवाल्याचे सात ग्रह

मंगळवार, ९ मार्च. गॅसवाला आजही आला नाही. अकराला क्लबची मुलगी ग्रह बघून गेली. एकही नेला नाही. दुपारी भाऊजी जेवले नाहीत.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाळीस वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले आणि ब्रश डब्यात गेले. दोन वर्षे खिडकीशी बसून समोरच्या फलकातल्या चुका काढणे एवढाच उद्योग. गेल्या महिन्यात एका क्लबने विचारले. तिथे टेबलावर अंतराळयुद्धाचा खेळ मांडतात, त्यासाठी स्वस्तातले सात ग्रह हवे होते. दोन वर्षांतले हे पहिले काम.

रबरी चेंडूवर रद्दीच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, वाळल्यावर कवच मधोमध कापून चेंडू काढायचा आणि दोन्ही वाट्या जोडायच्या. वर पाट्यांचा उरलासुरला रंग. ग्रह देखणे झाले होते.

मुलीने एक उचलून फिरवला. मागे नुसता निळ्या रंगाचा हात दिलेला.

“आजोबा, मागची बाजू राहिलीय.”

“पाटीला मागची बाजू नसते,” भाऊजी म्हणाले.

खेळणारे टेबलाच्या चारही बाजूंना बसतात, हे कुणी सांगितले नव्हते आणि यांनी विचारले नव्हते. शनिवारी स्पर्धा आहे. शुक्रवारपर्यंत झाले तर ठीक, नाहीतर साधे चेंडू मांडू, असे ती नम्रपणे सांगून गेली.

भाऊजी ब्रश पुसून डब्यात ठेवू लागले. पलीकडे बसणाऱ्याला काय टक्कल दाखवणार, असे मी विचारले. ते हसले नाहीत.

“वहिनी, पाटीला डावी कड असते. तिथून हात सुटतो. याला सुरुवात कुठून करू?”

शाळेत सिस्टर पृथ्वीगोल बोटाने फिरवायच्या, ते मला आठवले. मी विणायची सुई ग्रहातून आरपार घातली, दोन्ही टोके धरली आणि म्हटले, सुरुवात करूच नका, ब्रश टेकवून बसा, मी फिरवते.

पहिला पट्टा फिरून आला तो बोटभर खाली उतरून. तिथे त्यांनी एक ढग काढला.

“जरा हळू. दिवस उजाडत नाही तोच रात्र करताय.”

पाचपर्यंत दोन ग्रह सगळीकडून झाले. भाऊजींनी मुलीला फोन करून शुक्रवारी यायला सांगितले आणि दुपारचे ताट मागून घेतले.

संध्याकाळी : रंग वाळेपर्यंत दोन्ही सुया ग्रहांत अडकल्या आहेत. स्वेटरचे टाके पेन्सिलीवर काढून ठेवले.