दुरैच्या सायकलीची ओळखपरेड

कॉफी निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा माझा धीर व्हायचा नाही. घाईत केलेला गाढवपणा लोक माफ करतात हो. माझा सहा महिने चालला होता. रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, वहीत नोंदी ठेवून मी तो केला.

आधी माझी थोडी थोरवी ऐका. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मोडी वाचणारा मी एकटाच उरलो आहे. बाकीचे मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं तर त्यांना तमिळ अक्षरंच जवळची. त्यामुळे कोणाच्या पेटीत जुना कागद निघो, नाणं निघो, नाहीतर पणजीचा अडकित्ता, सगळं माझ्या ओट्यावर येतं. आणि आणणारा प्रत्येक जण आधी गोष्ट सांगतो. आमचे मूळपुरुष महाराजांच्या घोड्याला घोडा लावून इकडे आले! आता तुम्हीच सांगा, महाराजांच्या घोड्याला बाजू किती? कागद वाचावा तर तो म्हशीनं शेजाऱ्याचा पेंढा खाल्ला त्या भांडणाचा निघतो.

तेव्हा मी एक नियम केला. वस्तू आधी, कहाणी नंतर. मालकानं तोंड उघडायचं नाही. वस्तूलाच बोलू द्यायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता.

आता वैनी. वैनी म्हणजे आमच्याच गल्लीतले माझे मित्र यशवंतराव, त्यांची बायको. यशवंतराव जवळच्या पापनाशमला रेल्वेत होते. गेल्या वर्षी संक्रांतीला पोंगल झाला आणि चार दिवसांत ते गेले. त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही, बोलायला गेलो तर किस्सा इथंच थांबेल.

चैत्रात एके सकाळी वैनी माझ्या ओट्यावर आल्या. एका खांद्यावर सायकलचा नुसता सांगाडा, म्हणजे ज्याला फ्रेम म्हणतात तो. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. दुसऱ्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"भावजी, हें त्या सैकल दुरैचें," वैनी म्हणाल्या. "यांनी जातांना सांगितलें, ज्याचें त्यास पोचतें कर. वर्षश्राद्धाच्या आंत पोचलें पाहिजे. तुम्हांस इंग्रजी येतें, म्हणून मी हा डबा..."

गोऱ्या माणसाला इकडे दुरै म्हणतात. तीसेक वर्षांपूर्वी असा एक दुरै सायकलवरून देश हिंडताना पापनाशमजवळ कालव्यात पडला होता. यशवंतरावांनी त्याला घरी आणला आणि तो तापानं अकरा दिवस त्यांच्याकडे पडून होता. जाताना उरलेला सांगाडा ठेवून गेला, परत येऊन नेईन म्हणाला. मी तेव्हा नोकरीनिमित्त मदुरैला होतो, त्यामुळे एवढंच ऐकून होतो.

मी हात वर केला. "थांबा वैनी. पुढं एक शब्दही नको."

"पण ह्या डब्यांत..."

"डबासुद्धा नको. घरी नेऊन ठेवा. कोणाचं, कुठलं, ते ही फ्रेमच सांगेल. तुम्ही काही बोललात की माझं मन एका बाजूला झुकतं."

वैनींनी डबा परत काखेत मारला. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि परत गेल्या.

तो डबा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

मी कामाला लागलो. लोहचुंबक लावला, घट्ट चिकटला. म्हणजे पोलाद. नळ्या जाड टायरला जागा राहील अशा बसवलेल्या, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल. पण नाव नाही, पट्टी नाही, शिक्का नाही. इंटरनेटवर जुन्या सायकली ओळखणाऱ्या लोकांची एक मंडळी सापडली, तिच्यात शिरलो. तिथं कॅनडाचे एक गृहस्थ होते. त्यांचा आणि माझा स्वभाव लगेच जमला, कारण तेही मालकाचं ऐकत नसत.

ते म्हणाले, सीटच्या नळीचा व्यास मोजा. मी मोजला. पाण्याच्या बाटलीसाठी स्क्रूची भोकं किती? सांगितली. पॅडलचा आस बसतो त्या नळीखाली नंबर कोरलेला असतो, तो पाहा. पाहिला, तर तिथं नुसता रंग. हिरवा, जाडजूड, वर चंदन-कुंकवाचा वाळलेला टिळा.

तर रंग काढा, ते म्हणाले.

आता रंग काढायचा तर माझ्यासारखा माणूस तो खरवडून फेकून देईल का? मी ब्लेडनं एकेक थर सोडवला. हिरव्याखाली आकाशी, आकाशीखाली चांदी, चांदीखाली परत हिरवा, मग शेंदरी. प्रत्येक थराचा चुरा वेगळ्या पुडीत बांधला आणि पुडीवर क्रमांक घातला. सव्वीस पुड्या झाल्या. सव्वीस! एका सायकलला सव्वीस रंग कोण देतो? मी सिद्धांत मांडला की ही फ्रेम देशोदेशी हात बदलत आली आहे आणि प्रत्येक मालकानं आपल्या देशाच्या आवडीचा रंग दिला आहे. निदान सहा देश तरी मी धरले. शेंदरी रंग पाहून एक देश तर मी नावानिशी सांगितला. कॅनडाच्या गृहस्थांनी माझी पाठ थोपटली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सेल्वमचं सायकलचं दुकान आहे. मी त्याच्याकडून आणखी ब्लेडं मागायला गेलो तेव्हा तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, त्या घरातल्या अम्मांना विचारलंत का?"

मी त्याला माझा नियम समजावून सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची पंक्चर काढायला बसला.

वैनी रोज बाजारातून येताना ओट्यापाशी थांबायच्या. पुड्यांची रांग पाहायच्या.

"अजून कळलें नाहीं?"

"कळत आलंय."

"मी कांहीं सांगूं?"

"नको नको, वैनी. आता तर मुळीच नको."

त्या मान हलवून जायच्या. चैत्राचा आषाढ झाला, आषाढाचा भाद्रपद. त्या बाईची मुदत संपत चालली होती आणि मी ब्लेड बदलत होतो. आज आठवलं की मला माझीच शरम वाटते.

शेवटचा थर निघाला तो फिकट जांभळा. खाली नंबर नव्हताच, स्वच्छ पोलाद आणि नळ्यांच्या सांध्यांवर पितळेची चकाकी. पण तो जांभळा रंग पाहून कॅनडाचे गृहस्थ उडालेच. असा रंग म्हणे समुद्रापलीकडे एकच छोटा कारखाना देत असे, आणि त्याच्याकडे गिऱ्हाइकांची नोंद असणारच. ते स्वतः चौकशी करणार होते. मी मनातल्या मनात वर्षश्राद्धाच्या पानावर बसून यशवंतरावांना सांगूनसुद्धा टाकलं, पोचती झाली म्हणून.

नवरात्रातली आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे सुरीपासून स्कूटरपर्यंत सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतात. मी फ्रेम घासूनपुसून आरशासारखी केली, जाईचा गजरा घातला, गल्लीतल्या चार घरांना आणि वैनींना बोलावलं, आणि उभा राहून भाषण केलं. सव्वीस थर, सहा देश, समुद्रापलीकडचा कारखाना. शेवटी सव्विसाव्या क्रमांकाची पुडी उघडून तो जांभळा चुरा तळहातावर घेतला आणि सगळ्यांना दाखवला.

वैनी जवळ आल्या. चुरा पाहिला. मग माझ्या खांद्यावरून घरात पाहिलं.

"भावजी, हा तर तुमच्या देवघराच्या कवाडाचा रंग."

मी मागं वळलो. देवघराचं कवाड उघडं होतं. बाकी घराला नंतर दोनदा रंग झाला, ते कवाड मात्र तसंच राहिलं आहे. फिकट जांभळं.

"तुम्ही मदुरैहून आलां, घरास रंग दिला. उरला तो डबा तुम्हींच यांस दिला," वैनी शांतपणे म्हणाल्या. "कालव्याच्या पाण्यानें गंज चढला होता. यांनी अस्की गंज घासून काढला नि तो रंग दिला. मग दर आयुधपूजेस गल्लींत ज्याच्या घरीं रंग उरेल तो मागून आणायचे. परक्याची वस्तू, गंजतां कामा नये म्हणायचे."

शेंदरी रंग समोरच्या मारुतीच्या कोनाड्याचा होता. चांदी कोणाच्या तरी लोखंडी फाटकाची. माझे सहाही देश त्या क्षणी माझ्या ओट्यावर उभे होते आणि प्रसादाचं सुंडल खात होते.

वैनी घरी जाऊन तो बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत विदेशी तिकिटांची पत्रं. पाकिटावर नाव, गाव, पत्ता. दुरैचं नाव पीटर.

"हे तुमच्यापाशी होतं, मग सांगितलं का नाही?" असं मी विचारलं. होय, एवढं झाल्यावरही मी तेच विचारलं.

"तुम्ही तोंड उघडूं दिलेंत कोठें? मला एक इंग्रजी पत्र लिहून हवें होतें, इतकेंच." मग म्हणाल्या, "तुम्ही इतके खपत होतां. मला वाटलें, नुसता पत्ता पुरत नसेल. त्यापरीस मोठें कांहीं असेल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. दोनेक महिन्यांनी उत्तर आलं. वैनींना समोर बसवून मी ते मराठीत सांगत गेलो. पीटर आता म्हातारा झाला होता, गुडघे गेले होते. फ्रेम त्याच्या गावातल्या एका मित्रानं स्वतः जोडली होती, आयुष्यात एकच, म्हणून तिच्यावर नावच नव्हतं. यशवंतराव गेल्याचं वाचून आपण दिवसभर बागेत बसून राहिलो असं त्यानं लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं, फ्रेम पाठवू नका, ती तुमच्याच घरची. पण यशवंतराव मला दर वर्षी कळवायचे की यंदा हा रंग दिला. ते रंग मला एकदा पाहायचे होते. जमलं तर तेवढे दाखवा.

मी कागद खाली ठेवला. फ्रेम भिंतीला टेकून उभी होती. मी घासून तिचा आरसा केला होता. तिच्यावर रंगाचा एक कणही नव्हता.

वैनींनी फ्रेमवरून एकदा हात फिरवला. मग एकाएकी मला आठवलं.

"वैनी, पुड्या आहेत."

दोन दुपारी आम्ही बसलो. मी एकेक पुडी उघडायचो, वैनी सांगायच्या आणि मी मुकाट्यानं लिहून घ्यायचो. हा आकाशी, मुलीच्या लग्नाचं वर्ष. हा हिरवा, शाळेच्या बाकांचा उरलेला. ही चांदी द्यायला यांना कोणी नको म्हटलं होतं, तरी दिली. सव्वीस पुड्यांवरचे माझे क्रमांक खोडून त्यांचे शब्द लिहिले. कधी त्या हसायच्या, कधी पदर डोळ्यांना लावायच्या. मी त्यांचं एवढं कधी ऐकलंच नव्हतं.

वर्षश्राद्धाला नऊ दिवस होते तेव्हा आम्ही दोघं पोस्टात गेलो. खिडकीमागच्या माणसानं पुडकं उचललं, हलवून पाहिलं. आत खुळखुळलं.

"आत काय आहे, सार?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सहा महिन्यांत एवढं तरी शिकलो होतो. वैनींकडे बोट केलं आणि म्हणालो, "यांना विचारा."

वैनींनी पदर सारखा केला आणि मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा स्वच्छ तमिळमध्ये म्हणाल्या, "नको, त्यांनाच विचारा. कोणाला न विचारता सगळं ओळखतात ते."