पायथन, आणि माझ्या रजिस्टरातली एक तारीख

जूनमधली गोष्ट. भामरागडकडच्या आमच्या उपकेंद्रात त्या दुपारी पेशंट नव्हते, म्हणून मी लॅपटॉपवर पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, इन्स्टॉल करायला बसले. मी नर्स आहे... पण कॉम्प्युटरला आपलं सांगणं कळतं तरी कसं, हे मला बरेच दिवस बघायचं होतं.

इथे नेटचा भरवसा नाही. ब्रह्मपुरीला माहेरी गेले तेव्हाच फाइल पेन ड्राइव्हवर आणली होती. इन्स्टॉल तर झालं, पण काळ्या खिडकीत पायथन टाइप केलं की 'असलं काही मला माहीत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं. तीनदा काढलं, तीनदा टाकलं...

आमचे आरोग्यसेवक देवराव भाऊ मागे उभे राहून बघत होते. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. मी चौथ्यांदा टाकायला लागले तेव्हा म्हणाले, "बाई, इथी खाली एक चौकोन हाये. त्याले तुमी हातच नाई लावून राह्यल्या."

प्रोग्राम कुठे ठेवलाय ते कॉम्प्युटरला सांगणारा तो चौकोन. टिक केलं... आणि चाललं!

दोन अधिक दोन करून झालं. मग वाटलं, आपल्या कामाचं काहीतरी विचारावं. शेवटच्या पाळीच्या तारखेत दोनशे ऐंशी दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख येते. माहेरी वहीत उतरवून आणलेलं बघत चार-पाच ओळी लिहिल्या आणि रजिस्टरातल्या एकेकीची तारीख टाकत गेले.

सगळ्या जुळल्या. नदीपलीकडच्या सुकनीची सोडून. रजिस्टरात ऑगस्टचा मध्य, कॉम्प्युटर म्हणे जुलैचा. आधी वाटलं माझ्याच ओळी चुकल्या... मी बोटांवर मोजलं, भाऊंनी कॅलेंडरवर. जुलैच. रजिस्टरातलं अक्षर माझंच होतं.

तिला आम्ही जुलै संपताना तालुक्याला नेऊन ठेवणार होतो. फार उशीर झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेलो. सासूने विचारलं, "आताच काऊन? तुमीच तर मागं ऑगस्ट सांगतलं होतं."

"माझ्या मोजण्यात चूक झाली, बाई," मी म्हणाले. ती उठली. मग आत जाऊन सुनेचे कपडे बांधायला लागली.

जुलैत पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला, तेव्हा सुकनी तालुक्याच्या दवाखान्यात होती. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

पायथन मला अजून फारसं येत नाही. पण परवा जुनी रजिस्टरं काढून बसले... इतक्या वर्षांत मी मोजलेल्या तारखा पुन्हा कुणीच मोजल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही.