मुराळ्यानं पाहिलेलं गाव

त्या गावात पाहण्यासारखं काय आहे, हे एसटी स्टँडसमोरच्या पाटीवरच लिहिलंय. जलदुर्ग, दीपगृह, जुनं शिवमंदिर, समुद्रकिनारा. खाली ‘करण्यासारखं’ असं वेगळं शीर्षक देऊन नौकाविहार, किल्लाभेट, सूर्यास्त. सूर्यास्तसुद्धा यादीत घातलाय, जणू बाकीच्या गावांत तो होतच नाही. आणि या सगळ्यावर आडवी चिकटवलेली एक पट्टी: पावसाळ्यात होडी बंद.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पाटी दिसली की आधी तिच्यातलं खोटं शोधतो. या पाटीत खोटं काही नव्हतं. फक्त त्या गावात माझी अक्का राहते हे तिच्यावर नव्हतं, आणि मी आलो होतो तेवढ्यासाठीच.

पंचमी तोंडावर आली होती. आमच्या भालकी तालुक्यात पंचमी म्हणजे लेकींचा सण. लिंबाला दोर पडतात, झोके चढतात, घरोघरी ज्वारीच्या लाह्या फुटतात आणि दिलेल्या लेकी माहेरी येतात. पण त्या आपल्या आपण येत नाहीत. आणायला भाऊ जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला नाही तर तिकडे लेक उंबऱ्यात वाट बघत उभी राहते आणि इकडे गल्ली विचारते, “कामून आली न्हाई?” अक्काकडे लग्नानंतर मुराळी एकदाही गेला नव्हता.

कारण सांगतो, लपवायचं काही नाही. अक्का बिदरजवळ कोळारला एका गोदामात कामाला होती. तिथं समुद्राकडचा एक ट्रक ड्रायव्हर यायचा. आम्ही लिंगायत, तो मासे मारणाऱ्यांच्या घरातला. दोघांनी लग्न केलं आणि आमच्या वडिलांनी, अप्पांनी, दार लावलं. हेच अप्पा दर वर्षी जयंतीला चौकात माईक धरून सांगतात की आपल्या धर्मात जात नाही. शेजारच्या तालुक्यातलं कल्याण आमच्यापासून किती लांब आहे? आठशे वर्षांपूर्वी जात मोडून लग्न लावलं म्हणून जिथं माणसांनी जीव दिला, ते कल्याण. जीव दुसऱ्यांनी दिलाय, म्हणून टाळ्या वाजवायला सोपं जातं. हे मी पत्रकात छापलंसुद्धा. अप्पांनी त्याची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

यंदा आमच्या आईनं, अव्वानं, लाह्यांची ज्वारीच ओलवली नाही. “कुनासाठी फोडू?” एवढंच म्हणाली. ते ऐकून ओट्यावरून अप्पा तिलाच बोलले, “आनू दे तिला. पर एकटीला. त्याला न्हाई, लेकराला बी न्हाई.” मी भांडलो. अव्वानं मला चुलीपाशी ओढलं. “भांडन मागून कर. आधी माझी लेक आन.” आणि पिशवी हातात दिली.

अक्काच्या अंगणात झावळ्यांनी शाकारून ठेवलेली होडी होती. ट्रक सोडल्यापासून बाकीचे महिने दाजी तीत पर्यटक भरून किल्ल्यावर नेतात. मला बघून हसले. “इलास? पण आता काय बघतलास? होडी बंद, किल्लो बंद, आमी पण बंदच!”

अक्कानं माझ्या हातातली पिशवी घेतली. माहेरची पिशवी लेकीनंच सोडायची असते. ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. भिंतीशी आणखी एक पिशवी भरून ठेवलेली होती. वर एक छोटा लाल फ्रॉक, नवा कोरा. मी फोनवर फक्त ‘न्यायला येतो’ म्हणालो होतो. पुढचं वाक्य फोनवर बोलवलं नव्हतं.

अक्का आली ती पदर खोचूनच. वरच्या फळीवरून फडक्यात बांधलेला तवा आणि एक पातेलं काढलं. “ह्याच्यात कधी मासा शिजला न्हाई. माहेरचं कुनी आलं तर म्हनून ठिवलंय.” तवा विकत आणल्यापासून चुलीवर चढलाच नव्हता. कोऱ्या तव्याला भाकर चिकटते. पहिली फाटली, दुसरीही फाटली. तिसरी जरा बरी निघाली, ती तिनं मला वाढली.

“अक्का, आधी बोलायचंय.”

“बोलनं कुठं पळून जायलंय? पाऊस उघडलाय तवर गाव बघू.”

मग तिनं मला गाव दाखवलं. मन लावून, एकही जागा न सोडता. शिवमंदिरात नेलं, तिथली फरशी इतकी ओली की नंदीसुद्धा घसरेल. “लगीन करून आले त्या दिवशी हितंच आनलं मला. आपला म्हादेव हितं बी हाय म्हनून लई रडले.” दीपगृहाला कुलूप होतं, तर कुंपणाबाहेरून त्याची उंची दाखवली. सुक्या मासळीच्या गल्लीत मला म्हणाली, “नाक धर, भाषन करनाऱ्या. समता वासाला बी लागती का बघू.” मी नाक धरलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण धरलं नाही.

तिची लेक माझं बोट धरून चालत होती. मध्येच थांबली.

“मामा, तुमच्या गावाक दर्यो नाय?”

“न्हाई बा.”

“मगे लोकां काय बघूक येतत?”

“कुनीच येत न्हाई.”

“मी येतलंय ना! आई म्हणता थंय झोको आसा.”

अक्का पुढे चालत होती. तिनं मागे पाहिलं नाही.

किनाऱ्यावर आलो. समुद्र मातकट झालेला, आमच्या मांजरा नदीच्या पुरासारखा, फक्त पैलतीर नसलेला. आणि मध्ये पाण्यात तो किल्ला. काळा, गच्च, सगळीकडून सारखाच.

“दार दिसायलंय का?” अक्कानं विचारलं.

“न्हाई.”

“दिसत न्हाईच. होडी पार जवळ गेल्याबिगर कळत न्हाई दार कुठं हाय ते. मुद्दाम तसं बांधलंय म्हन.”

लेक शंख वेचायला लांब गेली. मी तोंड उघडलं. “अक्का, अप्पा म्हनाले…”

“ठाव हाय.”

“काय ठाव हाय?”

“पिशवीत लुगडं एक. बांगड्या माझ्याच मापाच्या. ह्यांना टावेल न्हाई. लेकराला झबलं न्हाई, लाडू न्हाई. अव्वा काय इसरनारी बाई हाय का?”

“न्हाई.”

“मंग तिला घालू दिलं न्हाई. म्हंजे बोलावनं एकटीला हाय.” ती किल्ल्याकडेच बघत होती. “मी येत न्हाई. लेकराला हितं ठिवून मी झोका कसा घेऊ? तूच सांग.”

लांबून लेकीनं शंख उंचावून दाखवला, मी हात केला.

“सकाळीच कळलं हुतं तर मला दिसभर फिरवलीस कामून?”

“रिकामा मुराळी वापस गेला की गल्ली हसती. तुला बी, अप्पाला बी. कुनी इचारलं तर सांग, बहिनीला आनायला न्हाई, समुद्र बघायला गेल्तो. आन खरंच बघितलास ना सगळं? आता खोटं बी पडायचं न्हाई.”

ज्या बापानं दार लावलं त्याची लाज झाकायला ही बाई मला दिवसभर देवळं आणि दीपगृहं दाखवत होती. मला संताप आला. म्हणालो, “पत्रक काढतो. अप्पांचं नाव घालून काढतो.”

ती हसली. “काढ की. अव्वाला वाचता येतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्टँडवर सोडायला आले. अक्का उंबऱ्यापर्यंतच आली. लाल फ्रॉक पोरीनं हट्टानं अंगावर चढवला होता, आपणही निघणार म्हणून. दाजी म्हणाले, “मे महिन्यात ये. किल्लो आतून दाखवतंय.”

“पंचमी मे महिन्यात येत न्हाई, दाजी.”

ते पाटीकडे बघत राहिले. “ता पण खरा.”

गावी पोचलो तेव्हा गल्लीतल्या लिंबावर झोके चढलेले. दुसऱ्यांच्या लेकी उंच जात होत्या, किंचाळत होत्या. अप्पा ओट्यावर बसलेले. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी लांबूनच पाहिलं असणार. इतक्या दिवसांनी ते माझ्याशी आपणहून बोलले.

“काय काय बघितलास?”

“किल्ला बघितलो. लांबून.”

“आन?”

“दीपगृह. बंद हुतं.”

“आन?”

“तुमची नात बघितलो. लई बोलती.”

तेवढ्यात अव्वा बाहेर आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिथंच ओट्यावर सोडली. बांगड्या अक्कानं ठेवून घेतल्या होत्या. लुगडं जसंच्या तसं परत होतं आणि त्याच्यावर एक फ्रॉक. तो नवा लाल नव्हे. वापरून विटलेला, पिवळा. अक्कानं तो कधी ठेवला ते मला कळलं नव्हतं. मला वाटलं, चुकून आला.

अव्वाला बघताक्षणी कळलं. “माप धाडलंय,” ती म्हणाली.

तिनं फ्रॉक मांडीवर पसरला आणि वीत टाकली. खांद्यापासून खाली, मग छातीवर आडवी. पुन्हा एकदा पहिल्यापासून टाकली. “फुडल्या पंचमीला हे बी आखूड हुईल,” म्हणाली, कुणालाच नाही, आणि फ्रॉक अप्पांच्या बाजूला ठेवून ज्वारी ओलवायला आत गेली.

अप्पा जरासे सरकले. फ्रॉकला जागा करून दिली, की त्याला अंग लागू नये म्हणून सरकले? कुणाच्याही बाबतीत झटकन निकाल देणारा मी. याचा निकाल मला अजून देता आलेला नाही.